शेणाचा दगड आणि धानाची जुनी गोष्ट
जीवाश्म कसे बनतात, किती प्रकारचे असतात आणि कामावर सापडले तर काय करायचं



शेणाची किंमत आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. सारवण, गोवऱ्या, शेणखत, जीवामृत, आता काही गावांत बायोगॅससुद्धा. पण शेणाचा दगड झाला, तर त्याची किंमत काय?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतजमिनीत मळकट रंगाचे, लांबट-गोल गोटे मिळतात. बघणाऱ्याला वाटेल साधा दगड. पण ते आहेत दगड झालेल्या विष्ठेचे तुकडे. साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे. ते बहुधा लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचे असावेत, कारण त्यांचीच हाडं त्याच थरात सापडली आहेत.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञ डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोट्यांचे नमुने घेतले, त्यांची भुकटी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. त्यात काचेसारखे अगदी बारीक कण दिसले. हे कण गवताचे होते. तोपर्यंत जगभर समजूत अशी होती की गवतं खऱ्या अर्थानं पसरली ती डायनासोर संपल्यानंतर. २००५ साली हे संशोधन छापून आलं आणि ती समजूत बदलावी लागली. पुढं २०११ साली त्याच पिसदुऱ्याच्या गोट्यांवरून आणखी एक गोष्ट पुढं आली. त्या गवतांत आपल्या धानाच्या कुळातली गवतंही होती.

धानाच्या पातीनं बोट कापतं, हे रोवणी आणि निंदण करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ते कापतं त्याच काचकणांमुळं. गवत जमिनीतल्या पाण्यातून वाळूतलं द्रव्य शोषून घेतं आणि पानात काचेसारखे कण तयार करतं. पान कुजतं, जळतं, जनावराच्या पोटातून जातं, तरी हे कण टिकतात. धानाच्या तुसाच्या राखेनं भांडी लख्ख निघतात, त्यामागंही हेच आहे.

आता विचार करा. तो गोटा कुणी रस्त्याच्या भरावात टाकला असता, किंवा कुणी उचलून नेऊन "कुठं सापडला" हे विसरून गेला असता, तर त्याचं वय कळलं नसतं आणि धानाची ही जुनी गोष्टही कळली नसती.

हा लेख मी भूगर्भशास्त्राची जाणकार म्हणून लिहीत नाही. मी समाजकार्य शिकलेली, तुमच्यासोबत गावोगावी फिरणारी. पण जमीन कोण खणतं ते मी रोज बघते. रोहयोचं तळं, शेततळं, विहीर, नाला खोलीकरण, रस्त्याची माती, सगळीकडं टिकाव आणि घमेलं आपल्याच हातात असतं. शास्त्रज्ञ नंतर येतो. दगड आधी आपल्याला दिसतो. म्हणून जीवाश्म म्हणजे काय, हे आपल्याला माहीत असायला हवं.

जीवाश्म म्हणजे काय?

शब्द फोडून बघा. जीव म्हणजे सजीव, अश्म म्हणजे दगड. फार पूर्वी जगलेल्या प्राण्याचे किंवा वनस्पतीचे अवशेष, किंवा त्यांनी मागं सोडलेल्या खुणा, जमिनीच्या थरात टिकून राहिल्या की त्यांना जीवाश्म म्हणतात. साधारणपणे दहा हजार वर्षांहून जुन्या अवशेषांसाठी हा शब्द वापरतात. बरेचसे जीवाश्म मात्र लाखो आणि कोट्यवधी वर्षांचे असतात.

नवं आणि जुनं यातला फरक लक्षात ठेवा. शेतात गाडलेल्या बैलाचं हाड हा जीवाश्म नाही. जुन्या वस्तीतलं खापर, मणी, नाणं हाही जीवाश्म नाही. ती माणसानं बनवलेली वस्तू आहे, तिचा अभ्यास पुरातत्त्व खातं करतं. जीवाश्म माणसानं बनवलेला नसतो, निसर्गातच तयार होतो.

जीवाश्म कसा बनतो?

एक उदाहरण घेऊ. जंगलात गाय मेली. दोन दिवसांत कुत्री, कोल्हे, कावळे येतात. मग किडे. मग ऊन-पाऊस. हाडं विखुरतात, तडकतात, एक-दोन पावसाळ्यांत त्यांचाही भुगा व्हायला लागतो. थोड्या वर्षांनी त्या जागी काहीच उरत नाही. बहुतेक जिवांचं असंच होतं, आणि तेच बरं आहे, कारण त्यातूनच मातीला खत मिळतं.

जीवाश्म व्हायचा असेल तर चार गोष्टी जुळून याव्या लागतात.

पहिली गोष्ट, लवकर गाडलं जाणं. तोच प्राणी तलावाच्या काठी चिखलात रुतून मेला, किंवा पुरात वाहत येऊन गाळाखाली गेला, तर? वर गाळाचा जाड थर बसला की कुत्री पोहोचत नाहीत, हवाही फार पोहोचत नाही. हवा कमी म्हणजे कुजणं कमी. मांस तरीही जातं, पण हाडं, दात, शिंपले, लाकूड असे कठीण भाग राहतात. म्हणूनच जीवाश्म जास्त करून नदी, तलाव, समुद्र यांच्या जुन्या गाळात मिळतात. गोगलगायीचं कवच मिळतं, गांडूळ मात्र क्वचितच मिळतं.

दुसरी गोष्ट, थरावर थर बसणं. दरवर्षी पूर येतो, दरवर्षी गाळ येतो. गोधडी शिवताना आपण लुगड्यावर लुगडं ठेवतो, तसंच हे. सगळ्यात आधी ठेवलेलं तळाला, सगळ्यात नवं वर. हजारो वर्षं असे थर साचले की वरच्या वजनानं खालचा गाळ दाबला जातो, त्यातलं पाणी निघून जातं आणि त्याचा दगड होतो. वाळूचा वालुकाश्म, बारीक चिखलाचा पापुद्रे असलेला शेल, शिंपल्यांच्या चुन्याचा चुनखडक.

तिसरी गोष्ट, पाण्यातल्या खनिजांनी जागा भरणं. बोअरचं पाणी तापवलं की हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो ना? पाण्यात विरघळलेले क्षारच तिथं बसतात. जमिनीखालीही पाणी झिरपत असतं आणि त्यातही क्षार, चुना, लोह, वाळूतलं द्रव्य असतं. हाड आतून भरीव नसतं. मटणातलं हाड फोडलं की बारीक छिद्रं दिसतात. गाडलेल्या हाडाच्या या छिद्रांत खनिजं बसत जातात. काही वेळा हाडाचं किंवा लाकडाचं मूळ द्रव्य हळूहळू विरघळून जातं आणि त्याच जागी कणाकणानं खनिज येतं. मोरावळा करताना पाक आवळ्यात मुरतो. आकार आवळ्याचाच राहतो, पण आत पाक भरलेला असतो. तसंच काहीसं. फरक एवढाच की मोरावळ्याला काही दिवस लागतात आणि इथं हजारो-लाखो वर्षं.

चौथी गोष्ट, पुन्हा वर येणं. खोल गाडलेला जीवाश्म आपल्याला कसा दिसणार? जमीन उचलली जाते, नदी काठ कापते, पावसानं माती धुपते, किंवा माणूस खाण आणि विहीर खणतो, तेव्हा तो उघडा पडतो. उघडा पडला की त्याला पुन्हा ऊन-पाऊस लागायला लागतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत सुरक्षित राहिलेला जीवाश्म उघड्यावर थोड्याच पावसाळ्यांत फुटून जाऊ शकतो.

या चार गोष्टी एकत्र येणं फार दुर्मिळ. म्हणून जे थोडे जीवाश्म सापडतात, त्यातला प्रत्येक मोलाचा.

जीवाश्मांचे मुख्य प्रकार

१. दगड झालेली हाडं, दात, लाकूड. वर सांगितलं तसं खनिज मुरून हे बनतात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम इथं जीवाश्म उद्यान आहे. तिथं दगड झालेले झाडांचे बुंधे बघायला मिळतात. लांबून वाटतं वाळलेलं ओंडकं पडलंय, हात लावला की थंडगार दगड. लाकडाच्या रेषाही दिसतात. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघवा इथलं जीवाश्म उद्यान असंच लाकडांसाठी आणि ताडासारख्या झाडांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे.

याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका प्रचंड डायनासोरची सुमारे ३०० हाडं खणून काढली. नुसतं मांडीचं हाड साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे उभ्या बाईएवढं. त्याला नाव दिलं बारापासॉरस टागोराय. बारापा म्हणजे मोठा पाय, आणि टागोराय हे रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून. ही हाडं निदान सहा जनावरांची होती, विखुरलेली. कुठलं हाड कुठं पडलं होतं याची नोंद असली की त्यांचा मेळ घालता येतो. त्यातून उभा केलेला सांगाडा आज कोलकात्यात आहे.

२. साचा आणि ठसा. गणपती किंवा मोदक साच्यातून काढतो, तेव्हा साच्यात आकाराची पोकळी असते आणि त्यातून निघतो तो त्याच आकाराचा भरीव नमुना. निसर्गातही असंच होतं. शिंपला गाळात रुततो. गाळाचा दगड होतो. नंतर शिंपला विरघळून जातो, पण त्याची पोकळी राहते. हा साचा. मग त्या पोकळीत नवं खनिज भरतं आणि दगडी शिंपला तयार होतो.

याचं एक उदाहरण आपल्या देवघरात असतं, शाळिग्राम. तुळशीच्या लग्नात आपण त्याची पूजा करतो. शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकी नदीच्या पात्रात मिळतात. त्यांच्यात जे चक्र दिसतं, ते ॲमोनाईट नावाच्या समुद्री प्राण्याच्या गोल वेटोळ्या शंखाचं असतं. त्यांचं वय साधारण १५ कोटी वर्षांच्या आसपास. आता समुद्रातला प्राणी हिमालयात कसा? कारण आज जिथं हिमालय आहे, तिथं तेव्हा समुद्र होता. भारताचा भूभाग उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला आणि समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाला. श्रद्धा आपल्या जागी आहे, तिला यातून काही कमी होत नाही. उलट हातातल्या त्या दगडानं केवढा प्रवास केला, हे कळतं.

३. कोळशातली पानं. चंद्रपूरकडच्या दगडी कोळशाच्या पट्ट्यात हा प्रकार समजून घेणं सोपं. पान गाळात दाबलं गेलं की त्यातले बाकीचे घटक निघून जातात आणि काळा कार्बनचा पातळ पापुद्रा उरतो. पानाच्या शिरासुद्धा त्यात दिसतात. आपल्या देशातला बराचसा दगडी कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा आहे. या कोळशासोबतच्या काळ्या पाटीसारख्या दगडात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची पानं मिळतात. हीच पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही मिळतात. हे सगळे भूभाग एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते, याचा तो एक पक्का पुरावा.

४. राळेत अडकलेले किडे. सालईच्या झाडाला खाच पडली की चिकट द्रव येतो आणि मुंगी त्यात अडकते, हे जंगलात जाणाऱ्या तायांनी बघितलं असेल. काही झाडांची अशी राळ लाखो वर्षं गाडली गेली की कडक होऊन तिचा पिवळसर, पारदर्शक अंबर बनतो. आत किडा जसाच्या तसा, पंख आणि पायांवरच्या केसांसकट. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये असे किडे मिळाले आहेत.

५. खुणांचे जीवाश्म. यात प्राणी स्वतः नसतो, त्याच्या वागण्याची खूण असते. अंगणात ओला कोबा केला आणि रात्री कुत्रं त्यावरून गेलं, तर सकाळी पावलं कायमची उमटलेली. तसंच चिखलातली पावलं, बिळं, सरपटण्याच्या रेघा टिकून राहतात. आफ्रिकेत टांझानियामधल्या लेटोली इथं १९७८ साली मेरी लीकी या शास्त्रज्ञ बाईंच्या चमूनं ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं शोधली. ३६ लाख वर्षांपूर्वी माणसाचे पूर्वज दोन पायांवर चालत गेले होते, त्यांची. पिसदुऱ्याचे शेणाचे दगड याच प्रकारात येतात. हाड सांगतं प्राणी केवढा होता, शेण सांगतं तो खात काय होता.

डायनासोरची अंडी आणि घरटीही अशीच बोलकी. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात हर्षा धीमान या तरुण संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. २०२३ साली ते संशोधन छापून आलं. घरटी एकमेकांना लागून आहेत, म्हणजे बगळे एका झाडावर वस्ती करतात तशी ही जनावरंही एकत्र अंडी घालत असावीत. हे कशावरून कळलं? घरटी जागेवर होती म्हणून. तीच अंडी सुटी सुटी शोकेसमध्ये असती, तर हे कधीच कळलं नसतं.

६. डोळ्यांना न दिसणारे जीवाश्म. परागकण, सूक्ष्म जीवांची कवचं, गवतातले काचकण. मूठभर मातीच्या दगडातही ते हजारोंनी असू शकतात.

वय कसं सांगतात?

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो, "कोटी वर्षं कुणी मोजली?" दोन पद्धती समजून घेऊ. एक तर गोधडीची. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. दुसरी म्हणजे काही दगडांतले, विशेषतः लाव्हाच्या दगडातले, काही घटक ठरावीक वेगानं बदलत असतात. किती बदलले हे प्रयोगशाळेत मोजून दगडाचं वय काढता येतं. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये जीवाश्म सापडला की त्याचं वय त्या दोन वयांच्या मधलं.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लागते. जीवाश्म कुठल्या थरात होता ते माहीत असणं. थरातून काढून टेबलावर ठेवलेला दगड आपलं वय सहजी सांगत नाही.

आपल्या भागात कुठं मिळू शकतात?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा आहे. तापलेल्या लाव्हात सजीव टिकत नाही, म्हणून काळ्या पाषाणात सहसा जीवाश्म मिळत नाहीत. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळात लाव्हा सलग वाहत नव्हता. एक थर आला की मध्ये बराच काळ शांततेचा जायचा. त्या काळात तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी आणि मासे राहायचे. मग पुन्हा लाव्हा. या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात जीवाश्म आहेत. नागपूरजवळ टाकळी इथं आणि पुढं छिंदवाड्याकडं मोहगाव कलानला असे थर आहेत. टाकळीचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी तेव्हा टाकळीचे जीवाश्म आणि पिसदुऱ्याची हाडंही गोळा केली होती. चंद्रपूर-गडचिरोलीकडं लाव्हाच्याही आधीचे जुने गाळाचे खडक उघडे आहेत. म्हणून तिथं शक्यता जास्त.

फसवे दगड

प्रत्येक वेगळा दगड जीवाश्म नसतो. तीन फसवे दगड लक्षात ठेवा.

एक, गोल धोंडे. काळा पाषाण झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोटा राहतो. लोक त्याला डायनासोरचं अंडं समजतात. धारची खरी अंडी १५ ते १७ सेंटीमीटरची आहेत आणि त्यांना वेगळं, पातळ कवच आहे.

दोन, दगडावरची झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी. ती बहुतेक वेळा भेगेत शिरलेल्या मँगनीज आणि लोहाच्या खनिजांची असते, पानांची नसते.

तीन, गारगोटी आणि आत चमकणारे स्फटिक. दिसायला सुंदर, पण ती नुसती खनिजं.

खऱ्या जीवाश्मात बारकाईनं बघितलं तर सजीवाची रचना दिसते. हाडाची छिद्रं, लाकडाच्या रेषा, शिंपल्याच्या धारा, पानाच्या शिरा. आणि खात्री जाणकारच करू शकतो. जीवाश्म उगाळून लावल्यानं आजार बरा होतो किंवा घरात धन येतं, असं सांगून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

दगड कुणाचा, नाव कुणाचं?

इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या लाइम रीजिस गावात १७९९ साली मेरी ॲनिंग जन्मली. वडील सुतारकाम करायचे. ती लहान असतानाच ते वारले, घरावर कर्ज. मेरी भावासोबत कड्याखाली पडलेले जीवाश्म वेचून प्रवाशांना विकायची, त्यावर घर चालायचं. ती बारा वर्षांच्या आसपास असताना तिनं आणि भावानं एका मोठ्या समुद्री सरड्यासारख्या प्राण्याचा सांगाडा शोधला. पुढं १८२३ मध्ये तिनं लांब मानेच्या दुसऱ्या समुद्री प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. काही गोटे म्हणजे दगड झालेली विष्ठा आहे, हे ओळखण्यातही तिच्या निरीक्षणाचा मोठा वाटा होता. पण शास्त्रज्ञांच्या संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. तिनं शोधलेल्या जीवाश्मांवर लेख लिहिले पुरुषांनी, आणि बऱ्याचदा तिचं नावही नसायचं. आज जग तिला ओळखतं, पण ती १८४७ मध्येच गेली.

गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोली गावाची गोष्टही ऐका. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं डायनासोरची हाडं आणि अंडी असल्याचं भूवैज्ञानिकांच्या लक्षात आलं. सुरुवातीच्या वर्षांत बरेच जीवाश्म लोक उचलून घेऊन गेले. तिथल्या पूर्वीच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी जीवाश्म वाचवण्यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला. गावात एक आजी मसाला वाटायला जो गोल दगड वापरत होत्या, तो डायनासोरचं अंडं निघाला, असं त्या सांगतात. २०१९ साली रैयोलीत डायनासोर संग्रहालय सुरू झालं. आता लोक ते बघायला गावात येतात. जीवाश्म गावातच राहिला, तर त्यासोबत चहाची टपरी, जेवण, वाटाड्याचं काम असे उद्योगही गावात येऊ शकतात. शंभर-दोनशे रुपयांना विकला, तर ते शंभर-दोनशे रुपयेच.

कामावर सापडला तर काय करायचं?

१. थांबा. उपटू नका, ठोकू नका, तुकडा तोडून बघू नका. पाण्यानं घासू नका, ॲसिड किंवा शेंदूर लावू नका.

२. जागेवरच फोटो काढा. शेजारी नाणं, पेन किंवा हात ठेवा म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळून, एक लांबून, एक खड्ड्याच्या भिंतीचा, म्हणजे थर दिसतील.

३. नोंद करा. तारीख, गट क्रमांक, किती फूट खोलीवर, माती किंवा दगडाचा रंग, आणि पहिल्यांदा कुणी बघितला तिचं नाव. हे शेवटचं विसरू नका. मोबाइलवर जागेचं लोकेशन घेऊन ठेवा.

४. रोहयोचं काम असेल तर मेट आणि ग्रामरोजगार सेवकांना लगेच सांगा. खोदाईची ओळ काही फूट बाजूला घेता येईल का, हे तांत्रिक सहायकांना विचारा. कुणाचीही हजेरी आणि मोजमाप बुडता कामा नये. मजुरी जाईल या भीतीनंच दगड गुपचूप फोडला जातो, हे आपण जाणतो. म्हणून हा मुद्दा आधीच बोलून ठेवा.

५. स्वतःच्या शेतात सापडला तर अनेकींना वाटतं, सांगितलं तर शेतात लोक घुसतील. एकटीनं जाऊ नका. ग्रामसंघाचा ठराव घ्या आणि ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या आणि प्रत जपून ठेवा. जंगलात सापडला तर वनरक्षकांना कळवा.

६. जाणकारांपर्यंत पोहोचवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभाग असेल तर तिथंही विचारता येतं. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर आपल्या सीआरपीला किंवा मला सांगा, आपण मिळून लिहू.

७. कुणी पैसे देऊ केले तरी विकू नका, आणि जागा दाखवायलाही एकटीनं जाऊ नका.

हे सगळं लक्षात ठेवायला अवघड वाटलं तर चार शब्द पुरे: थांबा, फोटो, नोंद, कळवा.

पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि कर्जवाटप झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. हा लेख एकीनं मोठ्यानं वाचावा. मग प्रत्येकीला विचारा, विहीर किंवा तळं खणताना कधी विचित्र दगड निघाला होता का, तो आता कुठं आहे, आणि कुठल्या खोलीवर मिळाला ते कुणाला आठवतंय का. गावातल्या म्हाताऱ्या आजींनाही विचारा. काही आठवलं तर इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा आणि मला फोटो पाठवा.